लिनक्स डेस्कटॉपवरील आदानकालीन प्रोसेसर-भार

लिनक्स कर्नलवर चालणाऱ्या चित्रमय डेस्कटॉपवर वापरकर्ता माउस हलवीत असताना, कळफलकावर टंकलेखन करीत असताना किंवा टचपॅडवर बोट फिरवीत असताना संगणकाच्या प्रोसेसरचा वापर अपेक्षेपेक्षा बराच वाढतो, या घटनेस आदानकालीन प्रोसेसर-भार असे म्हणता येईल. येथे आदान म्हणजे वापरकर्त्याने संगणकाला दिलेले इनपुट. संगणक स्वस्थ असताना हा वापर नगण्य असतो. माउसचा दर्शक पडद्यावर गोलगोल फिरवू लागताच तो चढतो आणि हात थांबताच पुन्हा उतरतो. त्या वेळी कोणतेही मोठे काम चालू असावे लागत नाही. गनोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, एक्सएफसीई अशा सर्वच डेस्कटॉपांवर ही घटना कमीअधिक प्रमाणात आढळते. तिचा सर्वांत बारकाईने अभ्यास मात्र गनोम शेलच्या संदर्भात झाला असल्याने प्रस्तुत लेखात त्याच उदाहरणाला अधिक जागा दिली आहे.

वापरकर्त्याकडून संगणकात येणारी माहिती अत्यल्प असते. भार पडतो तो त्या माहितीच्या प्रत्येक तुकड्याला उत्तर म्हणून डेस्कटॉप जे काम करतो त्याचा. हा भेद लक्षात न घेतल्यास अडखळणारा दर्शक, उशिरा उमटणारी अक्षरे, पंख्याचा आवाज आणि झपाट्याने उतरणारी बॅटरी या लक्षणांचा दोष यंत्राच्या वयावर टाकला जातो आणि अद्याप चालण्याजोगा संगणक अडगळीत जातो.

आदानाचे प्रमाण

यूएसबी माउस आपणहून माहिती पाठवीत नाही. ठरावीक अंतराने संगणक त्याला विचारतो आणि तो उत्तर देतो. साध्या माउसच्या बाबतीत हे अंतर सामान्यतः ८ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा असते. खेळांसाठी बनविलेल्या माउसमध्ये ते १ मिलिसेकंदापर्यंत खाली येते, म्हणजे सेकंदाला १००० विचारणा होतात; अलीकडे ८००० विचारणांचे माउसही बाजारात आले आहेत.

माउस तिरका सरकला की कर्नल त्याच्या तीन नोंदी करतो: आडवे सरकणे, उभे सरकणे आणि ‘ही नोंद येथे संपली’ अशी खूण. ६४-बिट प्रणालीवर अशी प्रत्येक नोंद २४ बाइटांची असते. सेकंदाला १००० विचारणा धरल्या तरी एकूण ७२,००० बाइट होतात. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्याचे एकच चित्र, प्रत्येक बिंदूला ४ बाइट या हिशेबाने, सुमारे ८३ लाख बाइटांचे असते. म्हणजे अतिवेगवान माउसची एका सेकंदाची सारी माहिती पडद्यावरील एका चित्राच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरते.

कळफलकाचा वाटा तर याहूनही लहान आहे. मिनिटाला ६० इंग्रजी शब्द टंकणारा कुशल टंकलेखक सेकंदाला साधारण ५ कळा दाबतो. कळ दाबून धरली तर गनोमच्या मूळ मांडणीनुसार ५०० मिलिसेकंदांनंतर दर ३० मिलिसेकंदांनी ती पुनरावृत्त होते, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ वेळा. म्हणूनच या प्रकारच्या तक्रारींत माउस अग्रभागी असतो आणि कळफलक, काही अपवाद वगळता, मागे राहतो.

घटनेचा मार्ग

माउसकडून आलेला संकेत प्रथम कर्नल स्वीकारतो. कर्नलमधील इव्हडेव्ह हा भाग त्याला एकसारख्या नोंदींचे रूप देतो. तेथून पुढे लिबइनपुट ही आज्ञावली-संचिका त्या नोंदींचा अर्थ लावते: दर्शकाचा वेग किती ठेवावा, टचपॅडवरील दोन बोटांची हालचाल म्हणजे पान सरकविणे की आणखी काही, अनवधानाने टेकलेला तळहात दुर्लक्षावा की नाही, इत्यादी.

यानंतरचा मार्ग दोन पद्धतींत विभागला जातो. एक्स विंडो सिस्टिम ही जुनी पद्धत १९८४ मध्ये एमआयटी या अमेरिकेतील संस्थेत सुरू झाली आणि तिची एक्स११ ही आवृत्ती १९८७ पासून प्रचारात आहे. तीत एक्स सर्व्हर ही स्वतंत्र प्रक्रिया घटना स्वीकारते व संबंधित खिडकीकडे पाठविते. खिडक्यांची चित्रे एकत्र जुळवून पडदा रंगविण्याचे काम कंपोझिटर नावाची दुसरी प्रक्रिया करते. २००८ मध्ये क्रिस्टियान हॉग्सबर्ग यांनी आरंभिलेल्या वेलँड या नव्या पद्धतीत ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी आली. तेथे कंपोझिटर हाच सर्व्हर असतो.

या फरकामुळे एक गैरसमज वारंवार होतो. एक्स११ वर ‘एक्सऑर्ग’ आणि ‘गनोम-शेल’ अशा दोन प्रक्रियांमध्ये विभागलेला भार वेलँडवर एकट्या ‘गनोम-शेल’च्या नावावर दिसतो आणि नवी पद्धत अधिक खर्चीक असल्याचा ग्रह होतो. तुलना करावयाची तर पहिल्या बाजूला दोन्ही आकड्यांची बेरीज घेतली पाहिजे.

भार वाढण्याची कारणे

दर्शक सरकला की डेस्कटॉपला पहिला प्रश्न पडतो तो असा: दर्शक आता नेमका कशाच्या वर आहे? खिडकीवर, तिच्या शीर्षकपट्टीवर, एखाद्या बटणावर, की मोकळ्या पार्श्वभूमीवर? या शोधाला तांत्रिक परिभाषेत पिकिंग म्हणतात. मराठीत त्याला लक्ष्यनिश्चिती म्हणता येईल. प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर काढण्याची रीत महाग असू शकते.

गनोम शेलचे चित्रण क्लटर या संचावर आधारलेले आहे. क्लटरची लक्ष्यनिश्चितीची जुनी रीत अशी होती की, पडद्यावरील प्रत्येक घटक वेगवेगळ्या सपाट रंगात एका अदृश्य पटलावर रंगवावयाचा आणि दर्शकाखालील बिंदूचा रंग वाचून घटक ओळखावयाचा. कल्पना चतुर खरी, कारण घटक कितीही वाकडातिकडा असला, फिरविलेला वा कललेला असला तरी उत्तर बरोबर येते. परंतु तिची किंमत दोनदा मोजावी लागते. एकदा दृश्य नव्याने रंगविण्यासाठी, आणि दुसऱ्यांदा रंग परत वाचताना. ग्राफिक्स प्रोसेसर आपले काम सवडीने, रांगेने करतो; त्याच्याकडून एक बिंदू परत मागितला की सारी रांग संपेपर्यंत मुख्य प्रोसेसरला तिष्ठत उभे राहावे लागते. एका बिंदूसाठी एवढा खटाटोप, आणि तोही दर्शक जोवर हलतो आहे तोवर पुन्हा पुन्हा.

दुसरे कारण घटनांच्या गर्दीचे. सामान्य पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये १६.७ मिलिसेकंदांचे अंतर असते. १००० विचारणांच्या माउसकडून तेवढ्या अवधीत १६-१७ घटना येतात, आणि डोळ्याला दिसते ती केवळ शेवटची. शहाणी आज्ञावली या घटना एकत्र करून चित्रागणिक एकदाच काम करते. मार्च २०१३ मधील जीटीके ३.८ या आवृत्तीपासून खिडक्यांमधील चित्रण पडद्याच्या तालाशी जोडले गेले आणि अशा एकत्रीकरणाला पक्की जागा मिळाली. चित्रकलेच्या आज्ञावलींना मात्र हातातील लेखणीची प्रत्येक नोंद हवी असते. त्यांच्यासाठी हे एकत्रीकरण बंद करण्याची सोय ठेवावी लागते. ज्या आज्ञावलीत असा विचार झालेला नसतो तेथे माउस जितका महाग तितका संगणक मंद, असा विपरीत अनुभव येतो.

तिसरे कारण खुद्द दर्शकाचे चित्र. बहुतेक ग्राफिक्स यंत्रणांमध्ये दर्शकासाठी वेगळा थर असतो. दर्शक सरकला तर त्या थराची जागा तेवढी बदलायची, खालचे दृश्य अबाधित राहते. हा थर उपलब्ध नसेल, म्हणजे काही आभासी संगणकांत, किंवा दर्शक त्या थराच्या कमाल आकाराहून मोठा केला असेल, तर कंपोझिटरला दर्शक स्वतः रंगवावा लागतो आणि त्याच्या प्रत्येक सरकण्याबरोबर दृश्याचा भाग पुन्हा जुळवावा लागतो. दृष्टी अधू असल्याने दर्शक मोठा करून घेणाऱ्या वापरकर्त्याला हा भुर्दंड पडावा, ही यातील दुःखद बाब आहे.

चौथे कारण सर्वांत जड असते, पण ओळखायला सर्वांत सोपे. ग्राफिक्स प्रोसेसरचा योग्य चालक बसविलेला नसेल तर मेसा या संचातील एलएलव्हीएमपाइप हा भाग त्रिमितीय चित्रणाचे सारे काम मुख्य प्रोसेसरकडून करून घेतो. अशा संगणकावर खिडकी ओढली तरी सर्व गाभे कामाला लागतात. प्रणालीच्या माहितीपानावर ग्राफिक्सच्या रकान्यात एलएलव्हीएमपाइप हे नाव दिसले की पुढील शोध बहुधा करावा लागत नाही.

यांखेरीज गनोम शेलची एक रचनात्मक मर्यादा आहे. खिडक्यांचे व्यवस्थापन करणारा मटर, वरची पट्टी, सूचना, शोधपेटी आणि वापरकर्त्याने बसविलेली एक्स्टेन्शने हे सर्व एकाच प्रक्रियेत चालते. एक्स्टेन्शने जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली असतात आणि प्रत्येक हालचालीवर स्वतःचे काम जोडू शकतात. एखादे गाफीलपणे लिहिलेले एक्स्टेन्शन दर्शकाच्या प्रत्येक पावलाला अडवू लागले तरी प्रक्रियांच्या यादीत नाव दिसते ते गनोम-शेलचेच. केडीई प्लाझ्मामध्ये खिडक्यांचा व्यवस्थापक केविन आणि पट्ट्या दाखविणारा प्लाझ्माशेल या वेगळ्या प्रक्रिया असल्याने दोषी शोधणे तुलनेने सोपे जाते.

क्वचित प्रसंगी दोष डेस्कटॉपच्या खालीच, कर्नल आणि यंत्रभाग यांच्या दरम्यान असतो. काही लॅपटॉपांवरील टचपॅड बोट नसतानाही व्यत्ययसंकेतांचा मारा करीत राहतो. तेव्हा भार गनोम-शेलवर न दिसता कर्नलच्या धाग्यांवर दिसतो.

गनोम शेलमधील सुधारणा

उबुंटूने २०१० पासून वापरलेला युनिटी हा डेस्कटॉप ऑक्टोबर २०१७ मधील १७.१० या आवृत्तीत सोडून गनोम शेल स्वीकारले. वापरकर्त्यांचा मोठा वर्ग एकदम नव्या डेस्कटॉपवर आला आणि त्याच्या मंदपणाच्या तक्रारींना धार आली. पुढील काही वर्षांत कॅनॉनिकल, रेड हॅट आदी कंपन्यांतील विकासक व स्वयंसेवक यांनी या प्रश्नावर सातत्याने काम केले.

सप्टेंबर २०१९ मधील गनोम ३.३४ मध्ये रंग वाचून लक्ष्य ओळखण्याची रीत काढून टाकण्यात आली. तिच्या जागी भूमितीची रीत आली: प्रत्येक घटकाच्या चार कोपऱ्यांची नोंद ठेवायची आणि दर्शकाचा बिंदू कोणत्या चौकोनात पडतो ते थेट गणिताने काढायचे. शालेय भूमितीतील हा प्रश्न सोडविण्यास प्रोसेसरला फार थोडा वेळ लागतो, आणि ग्राफिक्स प्रोसेसरची वाट पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. आदानकालीन भाराच्या संदर्भात ही सर्वांत परिणामकारक सुधारणा म्हणता येईल.

मार्च २०२१ मधील गनोम ४० मध्ये वेलँडवरील आदान वाचण्याचे काम स्वतंत्र धाग्यावर हलविण्यात आले, आणि सप्टेंबर २०२३ मधील गनोम ४५ मध्ये पडद्याला आज्ञा देण्याचे कामही वेगळे झाले. परिणामी मुख्य धागा अन्य कामात अडकला असला तरी दर्शक सुरळीत सरकत राहतो. एक्स सर्व्हरमध्ये आदानासाठी स्वतंत्र धागा २०१६ च्या १.१९ या आवृत्तीतच आला होता. अशा विभागणीने प्रोसेसरचे एकूण काम कमी होत नाही. कमी होते ते वापरकर्त्याला जाणवणारे अडखळणे. या दोन गोष्टींची सरमिसळ सुधारणांच्या वर्णनांत नेहमीच आढळते.

मार्च २०२५ मधील गनोम ४८ मध्ये गरजेनुसार तीन चित्रपटले वापरण्याची योजना समाविष्ट झाली. उबुंटूने ती २२.०४ पासूनच आपल्या आवृत्तीत जोडली होती. एखादे चित्र वेळेत पुरे होणार नाही असे दिसताच पुढील चित्राचे काम आधीच हाती घेतले जाते. त्यामुळे ग्राफिक्स प्रोसेसर मध्येच रिकामा पडत नाही आणि त्याची गती कामाच्या मानाने वाढविली जाते.

वेलँडवरील आणखी एक अडचण याच काळात दूर झाली. एखादी आज्ञावली काही क्षण गोठली आणि वापरकर्ता वेगवान माउस तिच्यावरून फिरवीत राहिला तर न वाचलेल्या घटनांची रांग ४०९६ बाइटांच्या मर्यादेपलीकडे जाई आणि जोडणी तुटून ती आज्ञावलीच बंद पडे. तीत लिहिलेला, न जतन केलेला मजकूरही तिच्याबरोबर जाई. २०२४ मधील वेलँड १.२३ मध्ये ही मर्यादा वाढविण्याची सोय करण्यात आली.

टंकलेखन आणि देवनागरी

टंकलेखनात घटनांची संख्या कमी असली तरी प्रत्येक कळीमागील काम मोठे असू शकते, आणि भारतीय लिपींत ते लॅटिन लिपीपेक्षा निश्चितच अधिक असते. मराठी लिहिण्याचे लिनक्सवर दोन प्रमुख मार्ग आहेत. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेला इनस्क्रिप्ट कळफलक थेट कळमांडणी म्हणून निवडता येतो. तेथे एका कळीला एक चिन्ह असा सरळ संबंध असून मध्यस्थाची आवश्यकता नसते. रोमन अक्षरांवरून उच्चारानुसार देवनागरी उमटविणाऱ्या पद्धती मात्र आयबस या मध्यस्थामार्फत चालतात. कळ प्रथम आज्ञावलीकडे, तेथून आयबसकडे, तेथून भाषेच्या यंत्रणेकडे, आणि बनलेले अक्षर त्याच वाटेने परत, असा तिचा प्रवास होतो. ‘क्’ उमटून स्वर मिळताच त्याचा ‘क’ होतो तेव्हा अर्धवट मजकूर पुसून पुन्हा लिहिला जातो. सप्टेंबर २०१२ मधील गनोम ३.६ पासून आयबस गनोमचा अंगभूत भाग आहे आणि पर्यायांची छोटी खिडकी गनोम-शेल स्वतः रंगविते.

यानंतर अक्षरजुळणी होते. हार्फबझ ही संचिका जोडाक्षरे घडविते, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे नेते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसविते. एक कळ दाबल्याने संपूर्ण अक्षराचे रूप पालटू शकत असल्याने नवे चिन्ह शेवटी नुसते चिकटविणे पुरत नाही. जीटीकेच्या मजकूरपेटीत जुळणीचे एकक परिच्छेद हे असते. परिच्छेद जितका लांब तितके प्रत्येक कळीमागील काम अधिक. पानेच्या पाने एकाच परिच्छेदात लिहिण्याची सवय असणाऱ्यास जुन्या संगणकावर अक्षरे मागे पडल्याचा प्रत्यय येतो तो यामुळे. परिच्छेद पाडले की तोच संगणक बोटांबरोबर चालू लागतो.

गनोमच्या शोधपेटीत टंकताना पडणारा भार निराळ्या प्रकारचा आहे. तेथे अक्षर वाढले की आधीचा शोध रद्द करून फाइली, सेटिंग्ज, चिन्हसंग्रह अशा अनेक शोधदात्यांना नव्याने विचारणा होते. नको असलेले शोधदाते सेटिंग्जमधून बंद करता येतात.

मापन

भार मोजण्यासाठी टॉप ही पारंपरिक आज्ञा पुरेशी आहे. तिच्यातील टक्केवारी मूळ मांडणीत एका गाभ्याच्या हिशेबाने असते. चार गाभ्यांच्या संगणकावर १०० टक्के म्हणजे एकूण क्षमतेचा एक चतुर्थांश. इतर साधने एकूण क्षमतेच्या हिशेबाने आकडा दाखवू शकतात, त्यामुळे दोन संगणकांचे आकडे ताडून पाहण्यापूर्वी हिशेबाची रीत पाहणे आवश्यक ठरते.

प्रोसेसरच्या बदलत्या गतीमुळे होणारा भ्रम याहून सूक्ष्म आहे. स्वस्थ असताना आधुनिक प्रोसेसर आपली गती उतरवितो. ८०० मेगाहर्ट्झ गतीवर दिसणारे २० टक्के हे ४००० मेगाहर्ट्झ गतीवरील अवघ्या ४ टक्क्यांएवढे काम असते. माउस हलविण्यासारख्या हलक्या कामाने गती वाढतच नाही आणि आकडा मात्र डोळ्यांत भरतो. गतीची नोंद न करता दिलेली टक्केवारी म्हणूनच अपुरी समजावी.

मापनाचे साधनही भार टाकते. आलेख काढणारा सिस्टिम मॉनिटर स्वतः पडदा रंगवितो, त्याला कंपोझिटरचे साह्य लागते, आणि मोजावयाच्या वस्तूतच भर पडते. दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने जोडणी करून टॉप पाहणे अधिक विश्वसनीय. घटना किती येत आहेत हे लिबइनपुटच्या तपासआज्ञेने, व्यत्ययसंकेत कर्नलच्या इंटरप्ट्स या नोंदफाइलीतून, आणि प्रोसेसरचा वेळ नेमक्या कोणत्या फलनात जातो हे पर्फ वा सिसप्रॉफ यांनी कळते.

साधनांवाचूनही एक पडताळा घेता येतो. दर्शक आधी मोकळ्या पार्श्वभूमीवर फिरवावा, मग ब्राउझरमधील पानावर. केवळ दुसऱ्या वेळी भार वाढत असेल तर दर्शकाच्या हालचालीवर स्वतःचे काम करणारे ते पान दोषी आहे, डेस्कटॉप नव्हे.

उपाय

पहिले पाऊल म्हणून सर्व एक्स्टेन्शने एकदम बंद करून पाहावीत. एक्स्टेन्शन्स या आज्ञावलीत त्यासाठी एकच मुख्य कळ आहे. फरक पडला तर ती एकेक करून पुन्हा सुरू करावीत. ग्राफिक्स चालकाची तपासणी त्यानंतर. गनोम ३.३४ पूर्वीची आवृत्ती चालू असेल तर अन्य कोणत्याही खटपटीपेक्षा नवी आवृत्ती बसविणेच श्रेयस्कर.

माउसच्या विचारणांची संख्या बऱ्याच उपकरणांत खालच्या बटणाने किंवा उत्पादकाच्या आज्ञावलीने कमी करता येते. तशी सोय नसल्यास कर्नलच्या यूएसबी-एचआयडी भागाला ‘माउसपोल’ हा परिमाण देता येतो. त्याचे मूल्य मिलिसेकंदांत असते; ८ दिल्यास सेकंदाला १२५ विचारणा होतात आणि ० दिल्यास उपकरणाने स्वतः सुचविलेले अंतर पाळले जाते. लेखन, वाचन व कार्यालयीन कामासाठी १२५ विचारणांत काहीही उणे भासत नाही. वेगवान खेळ व रेखाटन यांसाठी मात्र हा उपाय योग्य नव्हे.

मुळातच क्षीण असलेल्या संगणकावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप निवडणे इष्ट. एक्सएफसीईच्या खिडकी-व्यवस्थापकात कंपोझिटरचे काम पूर्णतः बंद करता येते. खिडक्यांच्या सावल्या व पारदर्शकता जातात, आणि ओढलेल्या खिडकीची कड क्षणभर फाटल्यासारखी दिसू शकते. केडीई प्लाझ्माच्या एक्स११ सत्रातही ऑल्ट, शिफ्ट आणि एफ१२ या कळा एकत्र दाबून हेच साधते. वेलँडवर ही सोय संभवत नाही, कारण तेथे कंपोझिटर बंद करणे म्हणजे सत्रच संपविणे होय.